सहावी कडी

दादूस पट्ट्याची कडी विकत घेण्याआधी चाटून बघायचा. हो, जिभेने. पेणच्या भर बाजारात, चामड्याच्या सामानाच्या दुकानात, दहा गिऱ्हाइकं उभी असताना हा बाप्या कडी उचलायचा, सदऱ्याला पुसायचा आणि डोळे मिटून तिच्या आतल्या बाजूला जीभ लावायचा. मग एक तर "हां" म्हणून कडी खिशात, नाही तर "थू" करून परत शेठच्या पुढ्यात. दुकानदार सुरुवातीला भडकायचा. पुढे पुढे त्याने दादूससाठी एक ओलं फडकं वेगळं काढून ठेवलं होतं.

कडी म्हणजे कुत्र्याच्या पट्ट्याच्या टोकाला असते ती, स्प्रिंगची, गळपट्ट्यात अडकवायची. पितळेची असेल तर जन्म काढते. पण बाजारात लोखंडावर पिवळा मुलामा चढवलेल्याच जास्त, आणि वरून ओळखू म्हणाल तर येत नाहीत. लोहचुंबकाचाही उपयोग नाही, कारण स्प्रिंग पोलादाचीच असते आणि चुंबक दोन्हींना चिकटतो. आतल्या बाजूला मुलामा नीट बसत नाही, तिथे जिभेला फरक कळतो. दादूस पेणच्या खाडीकाठचा, मिठागरावर राबलेल्या घरातला. तो म्हणायचा, "मिठानं माझ्या बापाची फावडी खाल्ली, दाराच्या कड्या खाल्ल्या. लोखंडावर माझा इश्वास नाय. आनि ह्या धाटावच्या कारखान्यांच्या हवेत तर मिठाच्या वर आजून काय काय हाय! एक पावसाळा नाय टिकायची."

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. रोह्यात एका कंपनीच्या साहेबांची कॉलनी होती. साहेब लोक मुंबई-बडोद्याहून बदलून यायचे, सोबत अल्सेशियन, डॉबरमन, पांढरी झुबकेदार पॉमेरियन घेऊन यायचे. बाईसाहेबांना कुत्रा हवा असायचा, पण सकाळी उठून त्याला फिरवायला नको असायचं. दादूस तिथे माळी होता. एकाचं कुत्रं फिरवलं, मग शेजारच्याचं, आणि बघता बघता झारी सुटून हातात पट्टे आले. पुलापलीकडे अष्टमी गावात त्याची खोली होती. ओटीच्या भिंतीवर खिळ्यांची रांग आणि एकेका खिळ्यावर एकेका कुत्र्याचा पट्टा. लोक त्याला कुत्रेवाला म्हणायचे. आम्ही हाताखालची माणसं दादूस म्हणायचो आणि आमच्याकडच्या रीतीने अरे-तुरेच करायचो.

मी त्याच्याकडे गेले ती हौसेने नाही. नवरा कामाला होता ती दुसरी कंपनी बंद पडली होती, तो दिवसभर छताकडे बघत पडलेला, आणि दोन मुली शाळेत. शेजारचा वसंत दादूसकडे कुत्री फिरवायचा, त्याने सांगितलं म्हणून गेले. पदर खोचून अंगणात उभी राहिले तर दादूसने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, भिंतीवरचा एक गळपट्टा काढला आणि काही कळायच्या आत माझ्या गळ्यात बांधला. मागून असा हिसका दिला की मी बकरीसारखी दोन पावलं धडपडले. डोळ्यांत पाणी आलं. वसंत मेला फिदीफिदी हसत होता.

"कुठं लागलं गो?"

"हितं," मी गळ्याला हात लावून म्हणाले.

"तिथं कुत्र्याचा पन श्वास असतो. इसरू नको."

छातीपट्टा मात्र त्याने माझ्या अंगावर चढवला नाही, बाईमाणूस म्हणून तेवढी दया दाखवली. तो वसंतच्या काखेतून घातला, त्याला रांगायला लावलं आणि दोरी माझ्या हातात दिली. "वढ आता. हसत व्हता ना तो?" मी ओढलं, आणि अगदी मनापासून ओढलं. वसंतच्या गुडघ्यांची सालं निघाली. तेव्हा कळलं की साध्या छातीपट्ट्यात ओढणाऱ्याला उलट जोर येतो, बैलाला जुवात येतो तसा. पण दादूसने स्वतः आरीने शिवून, पाठीऐवजी छातीवर कडं लावलेला एक पट्टा केला होता. त्यात वसंतने पुढे जोर केला की तो गर्रकन माझ्याकडेच तोंड करून वळायचा. "वढनाऱ्या कुत्र्याला ह्यो. म्हाताऱ्याला, खोकनाऱ्याला पाठीवरचा. आनि गळपट्टा फकस्त गुनी कुत्र्याला," दादूस म्हणाला. कुणी पुस्तकातून शिकवलं असतं तर विसरले असते. गळ्यावरचा वळ चार दिवस होता, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलं.

दोरीची लांबी तो कुत्र्यावरून नाही, माणसावरून मोजायचा. माझ्या कमरेपासून कुत्र्याच्या मानेपर्यंत, वर दोन वीत. दोरी मनगटाला गुंडाळलेली दिसली की हातावर चापट बसलीच. "कुत्रा पळाला तर हात घेऊन जाईल. मग पोळ्या कोन लाटनार, मी?" रोज सकाळी निघण्याआधी प्रत्येक कडी पायाखाली धरून दोन्ही हातांनी ओढून बघायची. एकदा माझी एक राहिली, तर त्याने मला अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं आणि म्हणाला, "तुज्या नवऱ्याची कंपनी उगाच नाय बुडाली, घरात असलं नक्षत्र असल्यावर." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

कुत्र्यांवर त्याने कधी हात उगारला नाही, पण कधी एकाच्या डोक्यावरून हात फिरवलेलाही मी पाहिला नाही. "लाड मालकानं करावं, चाल माझी," असं त्याचं होतं. साहेबांची बदली झाली की मात्र जाणाऱ्या कुत्र्याबरोबर त्याचा खिळ्यावरचा पट्टा देऊन टाकायचा. माहेरवाशिणीला देतात तसा, पण तोंड वाकडं करून.

बाईसाहेबांनाही तो सोडायचा नाही. एका बाईंनी मुंबईहून आपल्या पॉमेरियनसाठी लाल मखमलीचा, घुंगरं लावलेला छातीपट्टा आणला. दादूसने तो दोन बोटांत धरला आणि म्हणाला, "झ्याक हाय. तुमच्या गळ्यात शोभंल, बाई. कुत्र्याची काख सोलून निघंल ह्येनं." बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण त्या काही कमी नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून कुत्र्याचं दूध आमच्यासमोर वाडग्यात यायचं आणि दादूसने पाणी मागितलं की बागेच्या नळाकडे बोट दाखवायच्या. दादूस ओंजळीने प्यायचा आणि मिशा पुसत म्हणायचा, "गोड हाय." मला मेलीला मनातून बरंच वाटायचं. आम्हाला बोलतो ना, भोग.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला अजूनही जिवावर येतं.

एका पावसाळ्याच्या तोंडाला दादूसला ताप भरला. तोंडाची चवच गेली, म्हणून पेणला कड्या आणायला त्याने मला पाठवलं. "सहा आन. चाटून आन. शेठ काय बी बोलूदे." मी एसटीने पेणला गेले, दुकानात शिरले, आणि बघते तर माझे गागोद्याकडचे चुलत सासरे बैलांच्या घुंगरमाळा बघत उभे! सोबत गावातली आणखी दोन माणसं. मी पटकन डोक्यावर पदर घेतला. शेठने कड्यांची पेटी पुढे केली. आता तुम्हीच सांगा, सासऱ्यादेखत भर बाजारात मी जीभ बाहेर काढायची? गावभर झालं असतं, अमक्याची सून दुकानात लोखंड चाटते म्हणून. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी शेठला हळूच विचारलं, "पितळच ना?" तो म्हणाला, "पितळच." मी सहा पिवळ्याधमक कड्या पिशवीत टाकल्या आणि निघाले.

दादूस गोधडीत कुडकुडत होता. त्याने कड्या हातात घेऊन पाहिल्या.

"चाटली?"

"चाटली."

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा."

त्याने मान डोलावली आणि त्या नव्या पट्ट्यांना शिवून टाकल्या. कुणावर विश्वास न ठेवणारा माणूस, माझ्यावर ठेवला.

पावसाळा सरला. नवरात्राच्या आसपासची सकाळ होती. दादूसच्या हातात मोठ्या साहेबांचा अल्सेशियन, सुलतान. मी मागे दोन पॉमेरियन घेऊन. रस्त्याकडेच्या आंब्यावरून एक माकड खाली उतरलं आणि सुलतानने झेप घेतली. नेहमीच घ्यायचा, आणि दादूस नेहमीच पाय रोवून त्याला आवरायचा. त्या दिवशी नुसता टक् असा आवाज झाला. दादूस मागे आपटला, कुत्रा पुढे. समोरून धाटावची शिफ्टची बस येत होती.

सुलतान लगेच मेला नाही. मागचं अंग बसखाली चिरडलेलं, पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होता. बसमधली माणसं खिडक्यांतून बघत होती. दादूस उठला. दोरीच्या टोकाला कडीचा अर्धा तुकडा लोंबत होता, त्याच्या आतला खिळा गंजून काळा पडला होता. रोज पायाखाली धरून ओढायचो, पण हा गंज आतला, तो कसला दिसतोय! दादूसने तुकडा सदऱ्याला पुसला आणि जीभ लावली. मग माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड फिरवलं तर म्हणाला, "हिकडं ये. फुडं ये गो. बघ त्येच्याकडं."

"दादूस, नको ना..."

"बघ. तोंड फिरवू नको."

कुत्रा शांत होईपर्यंत त्याने मला तिथे उभं ठेवलं. किती वेळ, ते मला नाही सांगता येणार.

त्याच दिवशी मोठ्या साहेबांनी त्याला बंगल्यावर बोलावलं. चपला बाहेर काढायला लावल्या. वॉचमन, माळी, स्वयंपाकीण, आम्ही सगळे जमलेलो. साहेबांनी विचारलं, "ही कडी कोणी आणली?" दादूस म्हणाला, "मी आनली, साहेब." साहेब म्हणाले, "तू तर चाटून आणतोस म्हणे. काढ ती जीभ बाहेर. बघू दे सगळ्यांना." आणि दादूसने काढली. पंचावन्न वर्षांचा माणूस, अनवाणी, फरशीवर जीभ काढून उभा. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. साहेब म्हणाले, "उद्यापासून ही जीभ गेटच्या आत दिसली तर वॉचमन कापेल."

मी एक शब्द बोलले नाही. घरात दोन मुली, पडून राहिलेला नवरा, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी पॉमेरियनच्या दोऱ्या घट्ट धरून उभी राहिले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी अष्टमीला दादूसच्या खोलीवर गेले. पाया पडायचं, रडायचं, असं सगळं मनात ठरवून गेले होते. वसंत अंगणात बसलेला. दादूसने भिंतीवरचे सगळे पट्टे काढून ओटीवर मांडले होते. मला बघून म्हणाला, "बस. चाट."

"दादूस, माझं ऐक..."

"चाट. वसंता, तू बघ, एक बी सोडू देऊ नको."

मी वसंतसमोर एकेक कडी उचलून चाटली. गंजाची, घामाची, कुत्र्याच्या लाळेची चव. पितळ कुठलं, लोखंड कुठलं, आधी काही उमगेना. चुकले की तो पाठीत काठीचं टोक टोचायचा, "परत." जीभ सोलवटली, पण अखेर डोळे मिटूनही कळायला लागलं. चार लोखंडी सापडल्या. एक रस्त्यावर तुटली होती.

"पाच झाल्या. सहावी?" त्याने विचारलं.

"इथं नाय दादूस."

"मग कुठं हाय? कुठल्या कुत्र्याच्या गळ्यात हाय? शोध." मग काठी टाकून म्हणाला, "तुज्यावर दया आली म्हनून तुजं नाव नाय घेतलं. दोघांना हाकललं असतं तर ह्या कुत्र्यांना कोन बघनार? हा वसंत? तुला कुत्र्यांसाठी ठेवलीय. माफ नाय केली."

पट्टे आणि खोली माझ्या हवाली करून तो पेणकडे आपल्या बहिणीच्या घरी निघून गेला. जाताना मागे वळूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून कॉलनीतली कुत्री मी बघायला लागले. आणि त्या सहाव्या कडीने माझे प्राण कंठाशी आणले. त्या पावसाळ्यात दोन साहेबांची बदली झाली होती आणि त्यांची कुत्री आपापले पट्टे घेऊन गेली होती. एक बडोद्याला, एक नागपूरला. दोघी बाईसाहेबांना मी पोस्टकार्डं टाकली, 'कृपया कडी बदलून घ्यावी.' उत्तर कुणाचं आलं नाही. कुणाचं येणार! इथल्या सगळ्या कड्या मी रोज सकाळी पायाखाली ओढायचे आणि जिभेने तपासायचे, न जाणो चुकून एखादी सुटली असेल. शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजला की मी हातातल्या दोऱ्या आखडून घ्यायचे. तीन वर्षं हेच. वसंत म्हणायचा, "वेड लागलंय तुला, वहिनी." लागलंच होतं.

मग निरोप आला की दादूस आजारी आहे. मी लगबगीने सकाळची एसटी पकडली, पेणहून मिनीडोर रिक्षाने त्याच्या गावी गेले. खाडीच्या बांधालगत घर. दादूस खाटेवर, निम्मा उरलेला. जन्मभर तंबाखू मळली, जिभेला गाठ झाली, डॉक्टरांनी जिभेचा तुकडाच काढला होता. बोलायचा ते मला कळेना. त्याची बहीण उशाशी बसून त्याचं बोलणं सांगायची.

मी पदराने डोळे पुसायला लागले तर त्याने हात वर करून थांबवलं. उशाखालून तंबाखूची डबी काढली, उघडली आणि आतलं काहीतरी माझ्या हातावर ठेवलं. कडी होती. पिवळी, कोरी करकरीत. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं, मग माझ्या तोंडाकडे.

मी जीभ लावली. लावल्याबरोबर कळलं.

"लोखंड," मी म्हणाले. "दादूस, ही सहावी?"

त्याने होकाराची मान हलवली.

"तुज्याजवळ होती? कवापासून?"

बहीण म्हणाली, "कुत्रा मेला त्याच दिशी काढून ठेवलीन. तू यायच्या आधी."

बाई गं! तीन वर्षं मी त्या कडीपायी झुरले, पोस्टकार्डं लिहिली, बसचा हॉर्न ऐकून दचकले, आणि हा मेला डबीत घेऊन बसला होता! माझा संताप संताप झाला. मरणाच्या खाटेवरचा माणूस, पण मी त्याला सोडलं नाही. म्हणाले, "तू लई वाईट मानूस हायस, दादूस. सापडू दिली असतीस तर काय बिघडलं असतं तुजं?"

तो काहीतरी पुटपुटला. बहिणीने सांगितलं, "म्हनतो, सापडली असती तर तू बघायची थांबली असतीस."

खरंच थांबले असते. आठ दिवसांत थांबले असते.

त्याने परत काहीतरी विचारलं. या वेळी मलाच कळलं. "आज बघितल्यास? सगळ्या?"

असाच प्रश्न त्याने एकदा गोधडीत पडून विचारला होता. तेव्हा सहाच्या सहा म्हणून मोकळी झाले होते. आताही हो म्हणाले असते तर तो समाधानाने पडून राहिला असता. पण त्या अर्ध्या जिभेच्या माणसासमोर खोटं बोलायला तोंड उघडेना.

"नाय दादूस. आज एसटी पकडायची होती. वसंतच्या हाती देऊन आले. नाय बघितल्या."

त्याचे डोळे एकदम पूर्वीसारखे झाले. हात उचलून त्याने दाराकडे बोट दाखवलं आणि बहिणीची वाट न बघता, सगळा जोर लावून, मला स्पष्ट कळेल असं म्हणाला, "मग हितं काय करतेस? जा."

बहीण माझ्यासाठी चहा ठेवायला उठत होती, तिलाही त्याने हाताने खाली बसवलं. मी त्याच्या पायांना हात लावायला वाकले तर पाय आखडून घेतले. मी निघाले. दाराशी वळून पाहिलं, तर बोट अजून दाराकडेच होतं. आठ दिवसांनी तो गेला.

त्या दिवशी पेणहून मिळेल ती एसटी धरली. अष्टमीला पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. वसंतने दुपारचा फेरा उरकून पट्टे खिळ्यांना लावले होते. मी ओटीवर बसले, पहिला पट्टा काढला आणि कडी जिभेला लावली. रडत होते, त्यामुळे सगळ्यांची चव खारटच लागत होती. म्हणून तोंड धुऊन आले आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. बावीस होत्या. सगळ्या पितळेच्या निघाल्या.